दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आमच्या घरी पाहुण्याला आग्रह करायची पद्धत नव्हती. ‘जेवून जा’ असं आई एकदाच म्हणायची. पाहुणा ‘नको, आत्ताच झालंय’ म्हणाला की ती लगेच त्याच्या घरच्यांची चौकशी सुरू करायची. दुसऱ्यांदा म्हटलं आणि तो ‘बरं, थोडंसं’ म्हणून बसला, तर वाढायचं काय? आम्ही चार भावंडं. वडील मालेगावातल्या एका उर्दू छापखान्यात मशीनवर होते. त्यांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, ना आपली ना ती. ते आयुष्यभर छापत राहिले आणि काय छापतोय ते लोकांना विचारत राहिले.

छापखान्यातून ते घड्या घालायचं काम घरी आणायचे. लहान मुलांचं एक मासिक तिथे छापलं जाई. मोठमोठे ताव, एका तावावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्यांच्या घड्या घालायच्या, लाकडी पट्टीने दाबायच्या, शंभर-शंभराचे गठ्ठे बांधायचे. घरात एकच खोली. ताव पसरले की जेवायला जागा नसायची, म्हणून आम्ही उंबऱ्यावर आणि बाहेरच्या पायरीवर बसून जेवायचो. उर्दू मासिक उजवीकडून उघडतं आणि आमच्या हातांना डावीकडची सवय. माझ्या मधल्या बहिणीने एकदा अख्खा गठ्ठा उलट्या घडीने बांधला. तो परत आला, आणि त्या आठवड्यात आमच्या घरी वरण इतकं पातळ झालं की धाकटा त्यात तोंड बघायचा. मग आईने मला शेजारच्या उर्दू वाचणाऱ्या खालाकडे पाठवलं. म्हणाली, “पानांचे आकडे तेवढे शिकून ये.” मी आकडे शिकले. खाला एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून अक्षरंही शिकले.

माझ्या उर्दूचा उगम एवढाच. लोकांना वाटतं गझलांची आवड असेल. मला आवड नव्हती, मला घड्या चुकायला नको होत्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते मला कुणी आणून दिलेलं नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला मुली हसल्या. मी घरची अहिराणी वळणाची बोली सहा महिन्यांत तोंडातून घासून काढली आणि पुस्तकात असतं तसं मराठी बोलायला लागले. पुढे बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. जपानात २०११चा मोठा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथल्या सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवरच्या संशोधनासाठी आले. नवऱ्याची नोकरी टोकियोत. तो तिथल्या हिगाशी-कसाई भागात राहायचा आणि दर दुसऱ्या शनिवारी यायचा. सहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ. माझा कागदावर विश्वास होता. लिहिलेलं ते खरं, बोललेलं ते वाऱ्यावर. शिकून वर आलेल्या माणसाचा असतो तसा विश्वास. तो किती महागात पडू शकतो हे मला तिथे कळलं.

शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या सभागृहात परदेशी लोकांसाठी जपानीचा फुकट वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. बहुतेक विद्यार्थी तरुण, आणि त्यांच्यात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. डोक्यावर लोकरी टोपी, जाकिटाच्या खिशात भिंग. बाईंनी एकेकाला विचारलं, तुमचं काम काय? त्यांची पाळी आली तेव्हा ते एकेक शब्द जुळवत जपानीत म्हणाले, “मुलं. कविता. मी लिहितो.” बाईंनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. ते माझ्याकडे वळून उर्दूत हळूच म्हणाले, “कविता ऐकायच्या आधीच दाद! असा मुलूख पहिल्यांदा बघतोय.”

मग त्यांनी खिशातून एक जुनं उर्दू कात्रण काढलं. मी सहज त्यावरचं शीर्षक मोठ्याने वाचलं. त्यांनी भिंग काढलं आणि कागद सोडून माझ्याकडेच बघितलं.

“पुत्तर, तू कुठली?”

“महाराष्ट्रातली. मालेगावची.”

“मुसलमान?”

“नाही.”

“मग ही अक्षरं कुणी शिकवली?”

“पोटानं,” मी म्हटलं.

ते खूप हसले. म्हणाले, “माझ्या नातीला येत नाहीत. तिचं पोट भरलेलं आहे, देवाची कृपा.” मी विचारलं, “या वयात जपानी कशाला शिकता?” तर म्हणाले, “नात माझी तक्रार तिच्या आईकडे जपानीत करते. निदान आरोप काय आहे ते तरी कळायला हवं.”

मी त्यांना बाबाजी म्हणायला लागले. मुलगी त्यांच्या नातीचं ऐकून ‘जीजी’ म्हणायची. जपानी पोरं आजोबांना तसं म्हणतात.

बाबाजी सीमेपलीकडच्या पंजाबातले. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते. क्रमिक पुस्तकातल्या कवितांत बुलबुल आणि गुलाबाचे बगीचे, आणि वर्गातल्या पोरांनी त्यांतलं काहीही पाहिलेलं नाही. म्हणून त्यांनी स्वतः लिहायला सुरुवात केली. शाई सांडणारी दौत, एकच चप्पल असलेला मुलगा, साखरेचा दाणा घेऊन निघालेली आणि हत्तीला ‘बाजूला हो’ म्हणणारी मुंगी. उर्दूत लिहिलेलं ते लाहोरच्या मुलांच्या मासिकांना पाठवत. मानधन म्हणजे अंकाची एक प्रत. ती कापून त्यांची बायको वहीत चिकटवायची.

पण त्यांच्या पोरांची घरची भाषा पंजाबी. शाळेची उर्दू. एकदा तपासनीस आला तेव्हा एक पोरगा पंजाबीत बोलला. तपासनीसाने मास्तरांनाच सगळ्यांसमोर झापलं. बाबाजी ती गोष्ट फार रंगवून सांगायचे. “त्याला म्हटलं, साहेब, चूक झाली. उद्यापासून वर्गात पंजाबीचा शब्द निघणार नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग झाडाखाली नेला. तो कुठे म्हणाला होता झाडाखाली बंदी आहे म्हणून!” तेव्हापासून भिंतींच्या आत उर्दू, झाडाखाली पंजाबी. पंजाबी कविता टाळ्या देत, गुडघ्यावर थाप मारत म्हणायच्या. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी पोरं तिथे ओरडायची. त्या कविता कुणी छापल्या नाहीत. मासिकं उर्दूची. ‘शंभराच्या वर असतील,’ ते म्हणायचे.

म्हातारपणी बायकोने मागे लागून त्यांतल्या बऱ्याच एका वहीत लिहून काढायला लावल्या. ती गेल्यावर मुलाने त्यांना सेंदाईला आणलं. मुलाचा जुन्या गाड्या परदेशी पाठवायचा धंदा, बंदराजवळ आवार, तिथे एक छोटं ऑफिस. तो वहीची पानं स्कॅन करणार होता म्हणून वही ऑफिसात होती. मग भूकंप झाला आणि त्सुनामीची लाट आली. माणसं वाचली, कारण घर टेकडीवर होतं. आवार, ऑफिस, वही, सगळं गेलं. उर्दू कात्रणांची वही घरी कपाटात होती, ती राहिली.

हे कळल्यावर मी लगेच म्हटलं, “मी टाइप करून देते. पुस्तक करू.” मनापासून म्हटलं. माझ्या हातात एक काम आहे ज्याने कुणाचं तरी काही वाचेल, असं मला वाटलं, आणि थोडा गर्वही वाटला. डॉक्टरबाई आणि वर उर्दू वाचणारी! त्या शहरात दुसरं कोण मिळणार होतं त्यांना?

दर रविवारी दुपारी मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी जायला लागले. सायकल टेकडीवर चढत नाही, म्हणून बसने. त्यांची सून पराठ्यांचा डबा भरून ठेवायची आणि मला ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणायची, वयाने फार फरक नसतानाही. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, कात्रणांची वही, भिंग. मी रीतसर तक्ता केला: अनुक्रमांक, शीर्षक, कुठे छापली, कुठला शब्द पुसलाय, तपासलं की नाही. बाबाजी तक्त्याकडे बघून म्हणायचे, “पुत्तर, तू कविता लिहून घेतेयस की त्यांचं शवविच्छेदन?” पण त्यांना ते आवडत होतं. पुसलेला शब्द ते डोळे मिटून आठवायचे आणि सापडला की टेबलावर बोटाने टिकटिक करायचे.

त्या पहिल्याच हिवाळ्यात, पाच-सहा रविवार झाल्यावर, मी त्यांना म्हटलं, “बाबाजी, पंजाबी कविताही सांगा ना. लिहून घेते.”

त्यांनी हात झटकला. “सोड पुत्तर. ती पोरासोरांची तुकबंदी, नुसती यमकं. तिला कागद कशाला लावतेस?” आणि चहाचा कप उचलून त्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “बरं,” आणि पुढचं कात्रण घेतलं.

त्या कपावरून बघणाऱ्या डोळ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. नाही म्हणाले म्हणजे नाही. मी ज्या घरात वाढले तिथे कुणी ‘नको’ म्हटलं की विषय बदलणं ही माणुसकी होती.

शिवाय माझ्याजवळ एक कारणही होतं. सुनेने मला सांगितलं होतं की त्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपाच्या दोन दिवस आधी एक बराच धक्का बसला होता. नात घाबरून टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हती. बाबाजींनी तिच्यासाठी तिथल्या तिथे एक पंजाबी कविता रचली: धरतीला उचकी लागलीय, कुणीतरी तिला पाणी पाजा रे. नात हसत बाहेर आली. दोन दिवस घरभर ‘पाणी पाजा’ चाललं होतं. तिसऱ्या दिवशी समुद्र आला. त्यानंतर नातीने ती कविता मागितली तर बाबाजी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मी मनाशी धरून बसले की पंजाबीचा विषय त्यांना दुखतो, तो काढू नये. आज मी ते नाजूकपणाचं सोंग समजते. खरं कारण वेगळं होतं. उर्दू कविता कागदावर होत्या, त्यांना क्रमांक देता येत होता. पंजाबी कानावर पडली की मला माझ्या आईच्या ओट्यावरच्या बायकांचं बोलणं आठवायचं, जे मी घासून काढलं होतं. मला ते कमी दर्जाचं वाटायचं. वर मनात असंही होतं की कागद जीर्ण होतोय, तो आधी. डोक्यात आहे ते कुठे जाणार आहे? उर्दू झालं की पंजाबी घेऊ.

बाबाजींनी स्वतःहून कधी सांगितली नाही. पण रविवार संपताना, मी वायर गुंडाळत असताना, ते म्हणायचे, “आज झाडाखालच्या एका पोराची आठवण आली.” मी म्हणायचे, “हो का?” आणि जोडे शोधायला लागायचे. बस चुकेल म्हणून. एकदा म्हणाले, “तुझ्या तक्त्यात आता किती झाल्या?” मी म्हटलं, “एकोणचाळीस.” “सगळ्या वर्गातल्या,” ते म्हणाले. मी हसले. मला वाटलं गंमत करतायत.

आणि टेबलाच्या पलीकडे, बैठकीच्या खोलीत, त्या कविता रोज चालू होत्या. मी चहाला उठले की दिसायचं. थंडीत तापणाऱ्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून दोन्ही मुली बसलेल्या, मधे बाबाजी, टाळ्या आणि थापा. माझी मुलगी घरी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची. ‘पाणी हवं का?’ तर ‘इरानाइ.’ म्हणजे नको. पण तिथे ती पंजाबीत ओरडत असायची, अर्थ माहीत नसताना. कावळ्याची एक नवी कविता त्यांनी सेंदाईतच केली होती. तिथे कचरा ठरलेल्या वारीच टाकावा लागतो, जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि कावळे जाळीखालून पिशव्या ओढतात. कवितेतल्या कावळ्याला कचऱ्याचे वार पाठ असतात आणि सुनेला नसतात. मंगळवारी सून बाटल्या घेऊन निघते तेव्हा कावळा तिला वरून ओरडतो, ‘बीबी, आज नाही, परत जा!’ सून स्वयंपाकघरातून लाटणं दाखवायची. “अब्बाजी, माझी बदनामी कावळ्याकडून?” बाबाजी म्हणायचे, “खोटं असेल तर कावळ्यावर दावा लाव.”

एका रविवारी मी एका अवघड जागी अडकले होते. कात्रणाला वाळवी लागलेली, अर्धी ओळ गेलेली. पलीकडे फार आरडाओरडा चालला होता. मी उठून गेले आणि मुलीवर ओरडले, “शू! जरा गप्प बस. आम्ही जीजींच्या कवितेचं काम करतोय ना?”

मुलींच्या टाळ्या थांबल्या. बाबाजींचे हात थापेसाठी वर गेले होते. ते त्यांनी हळूच गुडघ्यावर ठेवले. म्हणाले, “चल पुत्तर, काम करू,” आणि माझ्याबरोबर टेबलाशी आले. वाळवीने खाल्लेला शब्द त्यांनी दोन मिनिटांत सांगितला. मी तक्त्यात ‘तपासलं’ लिहिलं. फार समाधान वाटलं होतं मला त्या दिवशी, हे लिहिताना अजूनही लाज वाटते.

दीड वर्षात चौसष्ट उर्दू कविता झाल्या. शेवटची झाली तेव्हा मी सुनेला म्हटलं, “आता एक महिना थांबू. माझा संशोधनाचा अहवाल आहे. मग पंजाबी बघू, जमलं तर.” जमलं तर! हे शब्द बाबाजींनी ऐकले. म्हणाले, “अहवाल आधी. सरकारी काम आहे.”

महिना पूर्ण व्हायच्या आत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

मी इस्पितळात गेले तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते. मला ओळखलं. समजत सगळं होतं. बोलायला गेले की एकच शब्द यायचा, ‘अच्छा’. पाणी हवं असलं तरी अच्छा, खिडकी बंद करायची असली तरी अच्छा. चुकीचा शब्द आला हे त्यांना कळायचं आणि ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं की बोलणं थोडंफार सुधारेल, पहिल्यासारखं होणार नाही.

बाहेर बाकावर सून बसली होती. मी तिला म्हटलं, “मी पंजाबी कविता घ्यायला हव्या होत्या. पण तेच नको म्हणाले होते ना.”

ती माझ्याकडे वळली. “कधी नको म्हणाले?”

“पहिल्या हिवाळ्यात. मी विचारलं होतं. म्हणाले, तुकबंदी आहे, सोड.”

“आणि तुम्ही?”

“मी सोडलं.”

“बाजी,” ती म्हणाली, रागाने नाही, थकून, “पहिल्या वेळेला हो कोण म्हणतं? शायर कधी म्हणतो का? चार वेळा म्हणायचं, ‘नाही बाबाजी, ऐकवाच, तुम्हाला शपथ आहे.’ मग तो खाकरतो. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अब्बाजी दर रविवारी दाढी नीट करून बसायचे. मला म्हणायचे, आज विचारेल ती.”

“मग तुम्ही मला सांगायचं ना!”

“मला वाटलं तुम्हाला पंजाबी आवडत नाही. शिकलेल्या आहात. कसं म्हणू?”

ती काही चुकीचं बोलली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: मी परत विचारलं नव्हतं, आणि पंजाबी मला कमीच वाटत होती. मी तिथे बाकावर बसून राहिले. आत्ता आठवतं ते एवढंच, की समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती आणि मी ती पुन्हा पुन्हा बघत होते.

पुढच्या रविवारी दोन्ही मुलींना घेऊन मी इस्पितळात गेले. घरी ठेवायला कुणी नव्हतं, दुसरा काही हेतू नव्हता. मुली खाटेशेजारी उभ्या राहिल्या. मग कंटाळून त्यांनी आपापसांत कावळ्याची कविता सुरू केली, हळू आवाजात, बोटांनी टाळ्या देत. मी सवयीने ‘शू’ करणार होते. तेवढ्यात बाबाजींच्या घशातून आवाज आला. ओळ संपत आली तशी त्यांनी मुलींबरोबर शेवटचा शब्द म्हटला. ‘अच्छा’ नाही, तो शब्द. पुढच्या ओळीचाही. मग अख्खं कडवं, थोडं बोबडं, पण सगळं. डाव्या हाताने चादरीवर थाप देत. सून दारात होती. तिने तोंडावर ओढणी धरली.

बोलण्यावर उपचार करणाऱ्या जपानी बाई म्हणाल्या, असं होतं. बोलणं जातं, पण ताल धरून पाठ केलेलं कधीकधी राहतं. कुणी सुरुवात करून द्यायला मात्र हवी. ते स्वतः सुरू करू शकणार नाहीत.

त्यानंतर मी रविवारबरोबर बुधवारीही जायला लागले. लॅपटॉप नेला नाही. फोन चादरीखाली रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा आणि मुलींनी सुरू करायचं. एक मुलगी विसरली तर दुसरी आठवायची. कुठे दोघी मधे जपानी शब्द घुसवायच्या, तर बाबाजी मान हलवून थांबायचे, आणि आम्ही योग्य शब्द सापडेपर्यंत त्यांना शब्द सुचवत बसायचो. बरोबर आला की डावं बोट चादरीवर टिकटिक. मी विचारायला शिकले. “नाही बाबाजी, अजून एक. तुम्हाला शपथ आहे, अजून एक.” चार वेळा, सहा वेळा. ते डोळ्यांनी हसायचे. पण आता माझ्या विचारण्याचा उपयोग नव्हता. सुरुवातीची ओळ माझ्याजवळ नव्हती.

मुलींना जेवढ्यांची सुरुवात पाठ होती तेवढ्याच आल्या. बाकीच्या त्यांच्या आत होत्या. मुलाने गावाकडे फोन केले, जुन्या विद्यार्थ्यांना शोधलं. त्यांना टाळ्या आठवत होत्या, झाड आठवत होतं, एकाला एक शब्द आठवला, तो तोंडातल्या गोळीसारखा चघळत त्याने तीनदा सांगितला. पण सुरुवातीची ओळ कुणाला पूर्ण आली नाही. एक जण म्हणाला, “मास्तरजी सुरू करायचे, आम्ही मागून ओरडायचो.”

एकदा नातीने उचकीची कविता सुरू केली. बाबाजींनी तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे वळले. तिला ती पूर्ण येत होती, आम्हाला त्यांच्या मदतीची गरजही नव्हती. मी त्यांना विचारलं, “ही घेऊ का पुस्तकात?” त्यांनी नाही अशी मान हलवली. मी परत विचारलं, या वेळी पद्धत माहीत होती म्हणून. परत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पुन्हा मान हलवली. ते खरं ‘नाही’ होतं. ती घेतली नाही.

माझा सेंदाईचा करार संपला आणि आम्ही टोकियोला आलो. पानं लावायचं काम मी हिगाशी-कसाईच्या घरी बसून केलं. पंजाबी कविता मी नागरीत उतरवून घेतल्या होत्या. मुलाने त्या त्यांच्या उर्दू लिपीत नीट लिहून दिल्या, आणि प्रत्येक कवितेखाली कुठे टाळी, कुठे थाप, हे सुनेने सांगितलं तसं आम्ही छापलं. अर्थ लिहायचा की नाही यावर वाद झाला. मुली म्हणाल्या नको, अर्थ कशाला. मग लिहिला नाही.

पुस्तक ओसाकाच्या एका छोट्या छापखान्यातून करून घेतलं, कारण उजवीकडून उघडणारं पुस्तक म्हटलं की तिथल्या माणसाने एकही जादा प्रश्न विचारला नाही. जपानी पुस्तकंही तशीच असतात. दोनशे प्रती. बाबाजींना पहिली प्रत द्यायला मी सकाळच्या शिंकानसेनने, तिथल्या बुलेट ट्रेनने, सेंदाईला गेले. त्यांनी डाव्या हाताने ती उघडली, उर्दूची पानं भराभर उलटली आणि मागच्या पंजाबीच्या पानांवर थांबले. एकेक पान मोजलं. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “एवढ्याच मिळाल्या, बाबाजी. चूक माझी आहे.” ते म्हणाले, “अच्छा.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही, आणि मी सोयीचा अर्थ लावणार नाही.

त्यानंतर ते पाच महिने जगले.

शंभरावर पंजाबी कविता होत्या. पुस्तकात अकरा आहेत, आणि चौसष्ट उर्दू. त्या अकरा माझ्या मुलीला आणि त्यांच्या नातीला पाठ आहेत, आणि आता लिहून ठेवलेल्या आहेत.